बलाढ्य मित्राच्या फौजेवर देशाने किती विसंबून राहावं?

तटबंदी

९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलने कतारची राजधानी दोहा इथे हवाई हल्ला केला. लक्ष्य होते हमासचे नेते. त्याच कतारमध्ये अल उदैद हा मध्यपूर्वेतला अमेरिकेचा सर्वांत मोठा लष्करी तळ आहे. २०२२ मध्ये अमेरिकेने कतारला 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश' असा दर्जाही दिला होता. हल्ला करणारा देश अमेरिकेचाच मित्र, हल्ला झाला तोही अमेरिकेचाच मित्र. पुढे १७ सप्टेंबरला सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. असे करार आठवड्यात होत नाहीत, बोलणी आधीपासूनची असणार. तरी त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आखातातल्या राज्यकर्त्यांच्या मनात काय चाललं असेल ते कळतं.

म्हणून हा धागा. आपल्यापेक्षा कितीतरी बलवान असलेल्या मित्राच्या लष्करी ताकदीवर एखाद्या देशाने आपलं संरक्षण सोपवावं का?

माझं मत असं. मदत जरूर घ्यावी. पण लढायचं की नाही, कधी लढायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या मदतीबरोबर मित्राकडे जाऊ देऊ नये. इतिहास बघितला तर तो जातो, आणि बहुतेक वेळा कुणी हिसकावून घ्यावा लागत नाही.

याचं एक जुनं उदाहरण ग्रीकांचं आहे. इ.स.पू. ४७८ मध्ये इराणी साम्राज्याला तोंड द्यायला अथेन्सच्या पुढाकाराने अनेक ग्रीक नगरराज्यं एकत्र आली. प्रत्येकाने जहाजं द्यायची किंवा पैसे द्यायचे असं ठरलं. जहाज म्हणजे वल्ही मारायला माणसं, दरवर्षी मोहिमा, घरापासून लांब राहणं. हळूहळू बहुतेकांनी पैशाचा मार्ग धरला. त्या पैशातून अथेन्सचं आरमार वाढत गेलं आणि बाकीच्यांचं आटत गेलं. नॅक्सॉसने संघातून बाहेर पडायचं म्हटलं तेव्हा अथेन्सने त्याला वेढा घालून परत आणलं. थॅसॉस फुटलं तर त्याची तटबंदी पाडायला लावली, जहाजं काढून घेतली. इ.स.पू. ४५४ मध्ये डेलोस बेटावरचा सामाईक खजिनाही अथेन्सला हलला. वर्गणी देणाऱ्यांच्या पैशातूनच त्यांना वठणीवर आणणारं आरमार उभं राहिलं होतं. यात सुरुवातीला कुणीही कुणाला फसवलेलं नव्हतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

जाणकारांनी भर घालावी. विरोधी मतंही सविस्तर यावीत ही विनंती.

नीरक्षीर

धागा आवडला, पण तुमच्या मांडणीत एक गृहीतक दडलेलं आहे. प्रत्येक देशाला निवड असते असं तुम्ही धरून चालला आहात.

एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे आणि शेजारी रशिया आहे. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या तिघांकडे लढाऊ विमानं नाहीत. २००४ मध्ये ते नाटोत आले तेव्हापासून त्यांच्या आकाशात इतर सदस्य देशांची विमानं आळीपाळीने गस्त घालतात. या देशांनी काय करायचं होतं? स्वतःचं हवाईदल उभारण्यात कंबरडं मोडून घ्यायचं आणि तरीही रशियापुढे अपुरंच ठरायचं?

कुवेतचं बघा. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आत आल्या आणि दोन दिवसांत देश गिळला गेला. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस तो मोकळा झाला तो अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीमुळे. कुवेतने मिळकतीतला पै न् पै शस्त्रांवर घातला असता तरी कित्येक पटींनी मोठ्या इराकपुढे ते टिकले नसते.

आइसलंड तर १९४९ मध्ये नाटोच्या बारा संस्थापकांपैकी एक, आणि त्याला स्वतःचं खडं सैन्य नाही. जपानने कित्येक दशकं संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास खर्च केला आणि वाचलेली ताकद देश पुन्हा उभारण्यात घातली. हे परावलंबन असेल, पण त्यात लाखो माणसांचं आयुष्य सुधारलं. त्याला नुसतं 'अधिकार गमावला' म्हणून बाजूला सारता येत नाही.

जुनी_वही

मराठी वाचकांपुढे हा विषय आला की तैनाती फौज आठवायलाच हवी. वसईचा तह सर्वांना ठाऊक असतो, पण मला त्याआधीची निजामाची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते, म्हणून ती जरा विस्ताराने लिहिते.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाची इंग्रजांशी मैत्री होती, त्याने मदतीची अपेक्षाही केली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी तटस्थ राहायचं ठरवलं. म्हणजे पहिल्या अनुभवात मित्र आलाच नाही. मग निजामाने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी वाढवल्या. हे त्याचं स्वतःचं बळ होतं, अधिकारी परके असले तरी. १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून वेलस्ली आला आणि नवा तह झाला. त्या तहात निजामाने या फ्रेंच पलटणी मोडल्या आणि त्यांच्या जागी कंपनीची फौज ठेवून घेतली. जो मित्र तीन वर्षांपूर्वी आला नव्हता, त्याच्याचसाठी स्वतःची फौज मोडली.

पुढची पायरी खर्चाची. १८०० च्या तहात निजामाने या फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरकडून वाट्याला आलेला मुलूख कंपनीला देऊन टाकला. आणखी अर्धशतकाने, १८५३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या) थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीकडे गेला. मुलूख राखायला ठेवलेल्या फौजेपायी मुलूख जात होता, आणि प्रत्येक वेळी कागदोपत्री सगळं रीतसर होतं.

आता वसई. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला तह झाला. किमान सहा हजार पायदळ कायमचं ठेवायचं, त्यासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, इतर सत्तांशी व्यवहार कंपनीच्या सल्ल्याशिवाय करायचा नाही. मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजी फौजेच्या संरक्षणात पुण्याला परतला. गादी मिळाली. १८१८ मध्ये तीच गादी सोडून आठ लाखांच्या पेन्शनवर तो बिठूरला गेला.

बाजीरावाला भीती होळकरांची होती. म्हणजे धोका घरातला होता आणि संरक्षण बाहेरून मागवलं गेलं. बलाढ्य मित्राची फौज मागताना राज्यकर्ता देशाचं रक्षण मागतो आहे की स्वतःच्या खुर्चीचं, हे आधी तपासायला हवं. आजच्या जगातही कितीतरी करारांमागे दुसरंच कारण सापडेल.

चौथा_मजला

उत्तम माहिती. जुनी_वही, वऱ्हाडचा संबंध माहीत नव्हता. पण साम्राज्याच्या काळातली तैनाती फौज आणि आजच्या दोन सार्वभौम देशांमधला करार यांची तुलना कितपत योग्य? आजचा मित्र 'निघा' म्हटलं तर निघतो. १९६६ मध्ये अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि परदेशी फौजांना देश सोडायला सांगितलं. त्या गेल्या. फ्रान्सवर कुणी चाल केली नाही, उलट फ्रान्स करारात राहिला आणि २००९ मध्ये त्या रचनेत परतही आला. हंगेरीने १९५६ मध्ये वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी आघाडीतून, बाहेर पडायचं म्हटल्यावर सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये आले. हा फरक नजरेआड करू नये. मित्र बलवान आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, तो कसा आहे तेही बघायला लागतं.

समुद्रपक्षी

'निघा' म्हटल्यावर पुढे काय होतं ते फिलिपिन्समध्ये दिसलं. तिथल्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकी तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. वसाहतीच्या काळापासूनचे तळ होते, त्यामुळे तो स्वाभिमानाचा क्षण होता आणि त्या सिनेटरांबद्दल मला आजही आदर वाटतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेने सुबिक बे हा नौदल तळ सोडला. १९९५ मध्ये चीनने मिसचीफ रीफवर बांधकामं केल्याचं उघड झालं. हे प्रवाळ बेट फिलिपिन्सच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येतं. फिलिपिन्सकडे ना पुरेशा युद्धनौका होत्या ना विमानं. इतकी वर्षं ते काम दुसऱ्याकडे होतं, त्यामुळे स्वतःचं आरमार घडवलंच गेलं नव्हतं. २०१४ मध्ये अमेरिकी सैन्याला ठरावीक तळ वापरू देणारा नवा करार करावा लागला.

यातून 'तळ ठेवायला हवे होते' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला वाटतं, तळ काढण्याचा निर्णय योग्य होता, पण त्याआधी दहा वर्षं तयारी करायला हवी होती. मित्राला जायला सांगण्याचा हक्क कागदावर असतो. तो बजावण्याची ताकद आपण आधी कमावलेली असावी लागते.

तटबंदी

समुद्रपक्षी, अगदी हेच. चौथा_मजला यांचा मुद्दाही मान्य आहे, मित्रामित्रांत फरक असतो. पण फ्रान्स 'निघा' म्हणू शकला कारण १३ फेब्रुवारी १९६० ला त्याने सहारात स्वतःच्या अणुबॉम्बची चाचणी केलेली होती. आधी हातात काहीतरी होतं, मग तोंडातून शब्द निघाला.

हँगर

विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझं लक्ष फौजेपेक्षा सुट्या भागांकडे जातं. परक्या फौजेवर अवलंबून राहणं डोळ्यांना दिसतं. झेंडा दिसतो, तळ दिसतो, त्यावर संसदेत भांडण होतं. सुट्या भागांवरचं अवलंबन कुणाला दिसत नाही आणि ते जास्त खोलवर गेलेलं असतं.

लढाऊ विमान म्हणजे एकदा विकत घेतलं आणि आपलं झालं अशी वस्तू नसते. प्रत्येक उड्डाणामागे तासन्‌तास देखभाल असते. इंजिनाचे गरम भाग ठरावीक तासांनी बदलायचे असतात, रडारचं सॉफ्टवेअर आणि शत्रूच्या रडारांची माहिती सतत अद्ययावत करायची असते. क्षेपणास्त्रांच्या मोटारींना वयोमर्यादा असते. यातली एक कडी थांबली की धावपट्टीवरच्या विमानांची संख्या तशीच दिसते, पण उडू शकणारी दर महिन्याला कमी होत जातात. म्हणून विमान बंद पाडणारं गुप्त बटण वगैरे चर्चा मला अनावश्यक वाटतात. पुरवठा रोखला की पुरतं.

अफगाण हवाईदलाचं काय झालं बघा. अफगाण तंत्रज्ञांना रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरं ठाऊक होती, त्यांची बरीचशी देखभाल ते स्वतः करत. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली गेली. यंत्र चांगलं, पण देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांच्या हाती. २०२१ मध्ये कंत्राटदार निघाले आणि हवाईदल जमिनीवर येऊ लागलं. डोंगरातल्या चौक्यांना दारूगोळा पोचवणं आणि जखमींना परत आणणं हे सगळं हवाईमार्गे होतं. १५ ऑगस्टला काबूल पडलं. सैनिक लढले नाहीत असं सर्रास म्हटलं जातं. हजारो अफगाण सैनिक त्या वीस वर्षांत लढताना मेले आहेत, आणि ज्या पद्धतीने लढायला त्यांना शिकवलं ती पद्धतच त्यांच्या हातून काढून घेतली गेली. हे वाक्य मी फार विचार करून लिहितो आहे.

पाकिस्तानचं उदाहरण तर शेजारचंच. १९९० मध्ये अमेरिकेने प्रेसलर दुरुस्ती (पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही अशी ग्वाही अध्यक्षांनी दिली नाही तर मदत थांबवणारा कायदा) लागू केली आणि पाकिस्तानसाठी तयार होत असलेली २८ एफ-१६ विमानं अडकली. पैसे भरलेले होते. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएतविरोधी युद्धात पाकिस्तानची गरज होती तोवर त्याच्या अणुकार्यक्रमाकडे डोळेझाक झाली. १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परतलं, पुढच्या वर्षी कायदा आठवला.

आणि आपण तरी कुठे सुटलो आहोत? तेजस आपलं विमान, पण त्याचं इंजिन अमेरिकी एफ-४०४. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए चा करार झाला आणि इंजिनं वेळेत न आल्याने विमानं रखडली. यात कुणाचा दुष्ट हेतू असायचीही गरज नाही. दुसऱ्याचा कारखाना दुसऱ्याच्या वेळापत्रकाने चालतो.

दुर्बीण

अवांतर नाही, पण हँगर यांच्या मुद्द्याला एक जोड. इराणने शहांच्या काळात अमेरिकेकडून ७९ एफ-१४ घेतली होती. १९७९ च्या क्रांतीनंतर पुरवठा बंद झाला. तरी त्यातली काही इराकविरुद्धच्या युद्धात लढली आणि पुढेही कित्येक वर्षं उडत राहिली. एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावले, काही भाग देशातच बनवले. तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य घुसवल्यानंतर त्याच्यावर १९७५ मध्ये अमेरिकेने शस्त्रबंदी घातली, त्याच वर्षी तिथे आसेल्सान ही संरक्षण इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी निघाली. आज तुर्की ड्रोन जगभर जातात. इस्रायलला १९६७ मध्ये फ्रान्सने विमानं नाकारली, त्यातून त्यांचा स्वतःचा विमानउद्योग वाढला. पुरवठा तुटला की मोडणारे देश आहेत, तसे घडणारेही आहेत. फरक कशाने पडतो यावर हँगर यांनी लिहावं.

हँगर

दुर्बीण, माझ्या मते फरक पडतो तो तंत्रज्ञ आणि अभियंते आधीपासून देशात होते की नाही याने. इराणी तंत्रज्ञ प्रशिक्षित होते. शस्त्र विकत घेताना सोबत दुरुस्तीची विद्या मागितली नाही, तर पुढे ती कुणी देत नाही.

मोगरा

सगळं वाचते आहे. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. स्वावलंबनाची किंमत माणसं मोजतात. दक्षिण कोरियात धडधाकट तरुणांना सक्तीने दीड वर्षाच्या आसपास सैन्यात काढावं लागतं. सिंगापूरने १९६७ मध्ये सक्तीची सेवा आणली, ब्रिटिश फौजा निघून जाणार हे दिसू लागल्यावर. माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे. 'देशाने स्वतःच्या पायावर उभं राहावं' हे वाक्य लिहिताना त्या पायांत कुणाचे पाय आहेत याचा विचार व्हावा.

पण म्हणून मित्राच्या फौजेचा मार्ग फुकटचा आहे असंही नाही. तो भार वेगळ्या लोकांवर पडतो एवढंच. ओकिनावा म्हणजे जपानच्या जमिनीचा ०.६ टक्के भाग. जपानमधल्या केवळ अमेरिकी वापराच्या तळांपैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र तिथे आहे. विमानांचा आवाज, अपघातांची भीती, सैनिकांकडून झालेले गुन्हे, हे सगळं एका छोट्या बेटाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. नीरक्षीर, जपानची वाचलेली ताकद देश उभारण्यात गेली हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ओकिनावाच्या लोकांना कुणी विचारून ते ठरवलं नव्हतं. १९७२ पर्यंत तर ते बेट अमेरिकेच्याच अमलाखाली होतं.

सरहद्द

अजून सगळी चर्चा अमेरिकेभोवती फिरते आहे. आर्मेनियाकडे बघू या, कारण अलीकडच्या काळात एवढा स्वच्छ धडा दुसरा नाही.

आर्मेनिया रशियाच्या नेतृत्वाखालच्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेचा सदस्य. ग्युमरीला रशियन तळ, शस्त्रं प्रामुख्याने रशियन. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या (अझरबैजानच्या हद्दीतल्या, आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशाच्या) युद्धात अझरबैजानने ४४ दिवसांत आर्मेनियाचा पराभव केला. रशियाचं म्हणणं होतं की काराबाख म्हणजे आर्मेनियाची मान्यताप्राप्त भूमी नाही, तिथे करार लागू होत नाही. कायद्याच्या नजरेने बरोबरच होतं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये थेट आर्मेनियाच्या भूमीवर हल्ला झाला. आर्मेनियाने संघटनेकडे मदत मागितली. संघटनेने पाहणीसाठी माणसं पाठवली. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, अझरबैजानने उरलेला काराबाखही घेतला. रशियाचे शांतिसैनिक तिथेच तैनात होते. एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक काही दिवसांत घरदार सोडून निघाले.

त्यांचा दोष काय? त्यांना वाटलं होतं की रशियाला आर्मेनियाची जेवढी गरज आज आहे तेवढी कायम राहील. युक्रेनमध्ये गुंतल्यावर रशियाला अझरबैजान आणि तुर्कस्तान जास्त हवेसे झाले. मित्राचा शब्द बदलला नाही, त्याची गरज बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्मेनियाने त्या संघटनेतला सहभाग गोठवल्याचं जाहीर केलं. आता ते फ्रान्सकडून आणि भारताकडून शस्त्रं घेतात, पिनाका रॉकेट प्रणालीसुद्धा.

नीरक्षीर

सरहद्द, प्रतिसाद वाचून अस्वस्थ व्हायला झालं. तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. आर्मेनियाने एकट्याने काय केलं असतं? उलट युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडताना अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांच्या सह्यांचा कागद घेतला, पण कुठल्याही आघाडीत तो नव्हता. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये पूर्ण युद्ध आलं. त्याच काळात नाटोच्या सदस्य बाल्टिक देशांवर चाल झाली नाही. हे पाहूनच फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेले. कित्येक दशकं अलिप्त राहिलेले, स्वतः विमानं आणि तोफा बनवणारे देश. त्यांना आघाडीत जावंसं वाटलं याला काही अर्थ आहे की नाही?

सरहद्द

अर्थ आहेच. पण फिनलंडने नाटोत जाताना सक्तीची लष्करी सेवा बंद केली नाही. युद्धकाळात २ लाख ८० हजारांची फौज उभी करण्याची त्यांची व्यवस्था तशीच आहे. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत संघाशी एकट्याने लढल्याची आठवण त्या देशात जिवंत आहे. ते आघाडीत गेले, पण कुणी येईपर्यंत आपण उभे राहू या तयारीने. युक्रेनही फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हसमोर आधी स्वतः उभा राहिला, मग मदतीचा ओघ लागला. कीव्ह तीन दिवसांत पडलं असतं तर मदत कुणाला पाठवली असती? आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने शस्त्रं व गुप्तवार्ता काही दिवस थांबवल्या तेव्हा त्याच युक्रेनला दुसरी बाजूही दिसली.

जुनी_वही

१९७१ चा उल्लेख अजून कसा आला नाही याचं आश्चर्य वाटतं. एकाच युद्धात दोन्ही बाजूंना बलाढ्य मित्र होते.

पाकिस्तान सिएटो आणि सेंटो या पाश्चात्त्य गटाच्या दोन्ही लष्करी करारांचा सदस्य होता, १९५९ चा अमेरिकेशी द्विपक्षीय करार वेगळा. भारताने ९ ऑगस्ट १९७१ ला सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार केला. त्याच्या नवव्या कलमात हल्ला झाल्यास किंवा तसा धोका असल्यास तातडीने विचारविनिमय करायचं ठरलं होतं. सोव्हिएत फौज येऊन लढेल असं कुठेही नव्हतं. भारताने ते मागितलंही नाही. डिसेंबरात सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून वेळ मिळवून दिला. अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली तेव्हा सोव्हिएत नौकाही मागावर होत्या. लढाई मात्र आपल्याच सैन्याने लढली, आणि केव्हा सुरू करायची याची तयारीही इथेच, आपल्या हवामानाच्या आणि दळणवळणाच्या हिशेबाने झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पाकिस्तानसाठी एंटरप्राइज लढली नाही.

याच्या उलट १९६२. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहून लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या. चालवणारेही अमेरिकीच असणार होते. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंतप्रधानाला ते पत्र लिहिताना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. दोनच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, म्हणून तो प्रसंग टळला. नऊ वर्षांत एवढा फरक पडला, कारण मधल्या काळात सैन्य वाढवलं, डोंगरी डिव्हिजन उभ्या केल्या, शस्त्रं जमवली.

मित्राकडून काय मागायचं ते १९७१ मध्ये नेमकं ठाऊक होतं: तिसऱ्याला आत येऊ देऊ नका, शत्रूचं आम्ही बघतो. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगताना कोश आणि दंड यांच्यानंतर, अगदी शेवटी मित्र ठेवला आहे. आणि आपल्याहून फार बलवान असलेल्याशी जवळीक राजाला घातक, अपवाद फक्त शत्रूशी युद्ध जुंपलेलं असण्याचा, असंही तो बजावतो. १९७१ त्या अपवादात बसतं.

चौथा_मजला

+१. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका.

पैलतीर

बलाढ्य मित्राच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. तिथेही करदाते आहेत, तिथेही आया आहेत. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त सैनिक मेले. १९६९ मध्ये निक्सन यांनी ग्वाममध्ये जाहीर केलं की आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणासाठी माणसं स्वतः उभी करावीत. ते कुठल्या लहरीतून आलं नव्हतं, लोक थकले होते. १९७३ मध्ये पॅरिसचा करार झाला, सैन्य परतलं, मग काँग्रेसने मदतही कमी केली, आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. लोकशाही देशाचा शब्द पुढच्या निवडणुकीपर्यंतचा असतो, यात कपट शोधू नये. मित्राच्या मतदारांना आपल्यासाठी किती काळ किंमत मोजावीशी वाटेल हा अंदाज आपल्या संरक्षण नियोजनाचा भाग असला पाहिजे.

समुद्रपक्षी

पैलतीर, त्याच ग्वामनंतर दक्षिण कोरियात काय झालं ते या धाग्यात यायला हवं. १९७१ मध्ये अमेरिकेने तिथली एक अख्खी डिव्हिजन, सुमारे वीस हजार सैनिक, परत नेले. तिथले अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी देशात शस्त्रनिर्मितीचा धडाका लावला, गुपचूप अण्वस्त्रांचाही प्रयत्न केला आणि तो अमेरिकेच्या दबावाखाली सोडावा लागला. ज्या देशाला तेव्हा साध्या रायफलींपासून सुरुवात करावी लागली, त्याने २०२२ मध्ये पोलंडला रणगाडे आणि तोफा विकण्याचा करार केला. आपल्याकडची के-९ वज्र तोफ मूळची तिथलीच.

तटबंदी

समुद्रपक्षी, कोरियाचा विषय काढलात म्हणून माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. एवढं सगळं स्वतःचं असूनही युद्ध सुरू झालं तर कोरियन सैन्याचं संचालन अमेरिकी सेनानीच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त कमांडकडे असतं. जुलै १९५० मध्ये कोरियन युद्धात तिथले अध्यक्ष सिंगमन री यांनी सैन्याचा ताबा अमेरिकी सेनानी मॅकआर्थरकडे दिला तेव्हा सेऊल हातचं गेलेलं होतं, त्या घडीला दुसरा मार्ग नव्हता. शांतताकाळातला ताबा १९९४ मध्ये परत आला. युद्धकाळातला २०१२ मध्ये परत घ्यायचं ठरलं, मग २०१५ ठरलं, मग २०१४ मध्ये तारीखच काढून टाकली आणि 'अटी पूर्ण झाल्यावर' असं ठरलं. पुढे ढकलण्याची मागणी दोन्ही वेळा कोरियाच्याच सरकारने केली. अमेरिकेने अडवून धरलं नव्हतं.

पहिल्या प्रतिसादात मी म्हणालो होतो की अधिकार हिसकावून न घेताही जातो. तो परत मिळत असतानाही घेववत नाही, हे कोरियात दिसतं. उत्तरेकडे अण्वस्त्रं आहेत, सेऊल सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि ताबा आपल्याकडे आला तर मित्र निघून जाईल ही धास्ती. मी तिथला नागरिक असतो तर काय केलं असतं यावर बराच विचार केला. मी तारीख ठरवूनच मागितली असती. अटी पूर्ण झाल्या की नाही हे ज्याने ठरवायचं त्यात मित्राचाही वाटा असेल, तर दरवर्षी एखादी नवी अट निघणार.

नीरक्षीर

मी तारीख मागितली नसती. चुकीच्या वर्षी ताबा घेतला आणि त्याच वर्षी उत्तरेने चाल केली तर ज्यांचे प्राण जातील त्यांना अधिकार कुणाकडे होता याने काय फरक पडणार? पण अटी काय आहेत आणि त्यातल्या किती पूर्ण झाल्या, हे दरवर्षी संसदेत उघडपणे सांगणं मी सक्तीचं केलं असतं. तेवढ्यापुरता तुमच्या बाजूने आहे.